लाल ठिगळं

"हा ओरखडा कुणी पाडला?"

काकांनी भिंगातून डोळा न काढता विचारलं. मला वाटलं, माझ्या हातून रंग घासला गेलाय असा त्यांचा समज झालाय. म्हटलं, "मीच पाडलाय, मुद्दाम. चंदेरी पेन्सिलीनं. वापरातलं विमान वाटावं म्हणून."

"तू पाडलास ते दिसतंय. विमानावर कुणी पाडला? इथे कुणाचा पाय पडतो? कुणाचा हात पोचतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागा मोकळी दिसली म्हणून मी तिथे ओरखडा दिला होता. एका बाजूला चार झाले, दुसऱ्या बाजूला दोनच, म्हणून तिकडे दोन वाढवले होते. काकांनी मॉडेल हलक्या हातानं फिरवलं, शेपटीकडे आणलं आणि तिथल्या चंदेरी ठिपक्यांजवळ करंगळी नेली. टेकवली मात्र नाही. "आणि हे तर कापड ना गं? कापडावरचा रंग उडाला तर खाली पत्रा कुठून दिसायचा?"

टेबलावर हॉकर हरिकेन होतं, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, एकास अठ्ठेचाळीस मापाचं. खऱ्या हरिकेनचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट, म्हणजे या मापात बरोबर दहा इंच. जोडणी झाली होती, तपकिरी आणि हिरव्या रंगाचे पट्टे मनासारखे उतरले होते, आणि मी डेकल, म्हणजे खुणा-अक्षरांची चिकटचित्रं, लावायच्याही आधी ओरखड्यांना हात घातला होता. घाई झाली होती. मॉडेल करणाऱ्यांना ही घाई ओळखीची असेल. विमान विमानासारखं दिसू लागलं की ते लवकरात लवकर 'खरं' दिसावं अशी ओढ लागते, आणि खरं म्हणजे मळलेलं, घासलेलं, झिजलेलं, असं आपण धरून चालतो.

काका हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. त्यांची सगळी नोकरी जेट विमानांच्या पोटाखाली गेली. हरिकेनला त्यांनी कधी हात लावलेला नाही. पण पत्रा कुठे झिजतो, तेल कुठून झिरपतं, घाईत असलेला माणूस कुठे पाय ठेवतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्या दिवशी ते दहा मिनिटं बसले आणि गेले. त्यांचा प्रश्न मात्र पुढचे दोन महिने माझ्या टेबलावर बसून राहिला.

त्यांचं बरोबर होतं. ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान दोन काळांच्या सांध्यावर उभं आहे. त्याचा आराखडा करणाऱ्या सिडनी कॅम यांनी त्याला एकच पंख दिला, चाकं आत दुमडणारी दिली, बंद होणारी काच दिली. पण धड मात्र जुन्या दुपंखी विमानांच्या घराण्यातलंच ठेवलं. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यावर ताणून बसवलेलं, डोप नावाच्या, कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे हात दिलेलं कापड. इंजिनाभोवती पत्रे, कॉकपिटभोवती प्लायवूड, त्याच्या मागे शेपटीपर्यंत कापड. सुकाणू आणि पंखांची हलती टोकंही कापडाचीच. माझ्या किटमध्ये हे सगळं नीट उतरवलेलं होतं. मागच्या धडावर लांबट उभार होते, त्यांच्या मधे कापड किंचित खोल गेलेलं होतं. ते उभार मी घासले होते, रंगवले होते, त्यांवरून कितीदा बोट फिरवलं होतं. ते काय आहेत हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

चंदेरी ठिपके मी बारीक ब्रशनं एकेक करून परत झाकले. तीन संध्याकाळी गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात विमानं ओळखायला शिकवण्यासाठी छोटी मॉडेलं वापरत. अमेरिकेत १९४२ पासून शाळेतल्या मुलांनी अशी लाकडी मॉडेलं हजारोंनी केली, एकास बहात्तर मापात, सगळी काळ्या रंगाची. त्यांच्यावर ना खूण, ना आकडा, ना काच. आकाशात विमान दिसतं ते सावलीसारखं, आणि आपलं की शत्रूचं हे ठरवायला बाह्यरेषा पुरते. तिथवर माझं हरिकेनही पोचलंच होतं. कुणीही लांबून पाहून हरिकेन म्हणालं असतं. शेवटच्या बारकाव्यांचं काम वेगळं आहे. हे विमान कुठलं, कोणत्या महिन्यातलं, आज सकाळपासून त्यावर काय गुदरलंय आणि त्याला कुणाकुणाचे हात लागलेत, हे बाह्यरेषा सांगू शकत नाही. ते सांगतो पंखावरचा एखादा डाग, आणि तो डाग खोटा असेल तर पुढचं सगळंच खोटं पडतं.

म्हणून आधी दिवस ठरवायला हवा होता. ब्रिटिश हवाई दलाच्या ३२ स्क्वाड्रनची जुलै १९४० मधली काही छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. केंटच्या किनाऱ्याजवळचा हॉकिंजचा तळ, गवतावर पहुडलेले वैमानिक आणि त्यांच्या मागे जीझेड ही अक्षरं मिरवणारं हरिकेन. हे स्क्वाड्रन बिगिन हिलच्या तळाचं. हॉकिंज इंग्लिश खाडीच्या अगदी तोंडावर, म्हणून विमानं सकाळी तिथे येऊन उभी राहायची आणि संध्याकाळी परत जायची. महिनाभरातच, १२ ऑगस्टला, हॉकिंजवर बाँब पडले. छायाचित्रांत त्याची चाहूल कुठेही नाही. ऊन आहे, गवत आहे, वाट बघणं आहे.

ती छायाचित्रं मी भिंग घेऊन पुन्हा पुन्हा पाहिली. कृष्णधवल छायाचित्र वाचायला शिकावं लागतं. त्या काळच्या काही फिल्मवर पिवळा आणि लाल रंग गडद उमटतो, त्यामुळे वर्तुळाकार खुणेचं बाहेरचं पिवळं कडं कधी कधी जवळजवळ काळं भासतं आणि नवशिका माणूस ते नाहीच असं समजतो. मीही एकदा समजले होते. शिवाय ते कडं आणि शेपटीवरचे तिरंगी पट्टे मे १९४० मध्ये आले, आणि जूनमध्ये पोटाचा रंगही बदलला. तोवर पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं असे; ते 'स्काय' नावाच्या फिक्या हिरवट छटेत रंगवायचा हुकूम निघाला. ठरलेला रंग सगळीकडे वेळेवर पोचला नाही, म्हणून ठिकठिकाणी हाताशी होतं ते मिसळून काम भागवलं गेलं. त्यामुळे त्या उन्हाळ्यातल्या विमानांच्या पोटाची छटा नेमकी कुठली, यावर मॉडेल करणारी माणसं रात्र रात्र वाद घालतात. मला त्या वादापेक्षा त्यामागची धावपळ मोठी वाटते. दोन महिन्यांत तीनदा ब्रश हातात घ्यावा लागलेली माणसं होती ती, आणि तेही विमानं दिवसभर वरखाली करत असताना. माझ्या मॉडेलवर पोटाचा रंग कडेला किंचित वेडावाकडा आहे. तो मी तसाच ठेवलाय.

मग मी एका कागदावर हरिकेनची बाजूची आणि वरची आकृती काढली आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले. कुणाचा पाय, कुणाचा हात. पेन्सिलीनं एकेक जागा भरत गेले.

वैमानिक डावीकडून चढतो. डाव्या बाजूला, पंखाच्या मागच्या कडेजवळ, एक पायरी पोटातून खाली ओढता येते, घोड्याच्या रिकिबीसारखी. ती ओढली की वर धडावर एक झडप उघडते, हात अडकवायला. झडप बंद केली की पायरी आपोआप आत जाते. म्हणजे त्या झडपेच्या कडेला बोटांचे डाग हवेत, आणि पायरीपासून पंखाच्या मुळापर्यंत बुटांनी रंग पातळ झालेला हवा. पंख धातूचा आहे, तिथे चंदेरी चालेल. पण थोडंच, पाय पडतो तेवढ्या पट्ट्यात. उजव्या बाजूला मी काहीच देणार नव्हते. तेवढ्यात इंधनाच्या टाक्या आठवल्या. दोन्ही पंखांच्या मुळात एकेक टाकी, प्रत्येकी ३३ गॅलनची, आणि २८ गॅलनची तिसरी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात. इंधन भरणारा माणूस दोन्हीकडे चढतो. त्याच्या हातात जड नळी असते, तो गुडघा टेकतो, थोडं इंधन सांडतं, वाहतं, मागच्या कडेकडे ओघळतं. म्हणजे उजवीकडेही झीज आहे, पण वेगळी: पावलं कमी, ओघळ जास्त. डावीकडे पावलं जास्त. दोन बाजू सारख्या करायची माझी सवय तिथे मोडली.

ती तिसरी टाकी रंगवताना हात थांबला होता. १६ ऑगस्ट १९४० ला साउदॅम्प्टनवर २४९ स्क्वाड्रनच्या जेम्स निकल्सन यांच्या हरिकेनला आग लागली ती याच पुढच्या टाकीला. ज्वाळांत बसून ते समोरच्या जर्मन मेसरश्मिट विमानावर गोळ्या झाडत राहिले, मग पॅराशूटनं उतरले. ब्रिटिश फायटर कमांडला त्या संपूर्ण युद्धात मिळालेला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, त्यांचा. माझ्या मॉडेलवर ती टाकी म्हणजे काचेच्या पुढचा थोडासा पत्रा आणि खसखशीएवढं गोल झाकण. त्या झाकणाभोवती मी पातळ तपकिरी रंगाचा एकच थेंब सोडला, आणि पुढे बराच वेळ नुसती बसून राहिले.

आकृती भरत गेली तसं एक जाणवलं. मी वैमानिकाच्या खुणा शोधायला निघाले होते, आणि कागदावर वैमानिक जेमतेम दोन ठिकाणी होता. बाकी सगळे खालचे लोक. इंजिनाची झाकणं रोज काढणारा फिटर: तिथे स्क्रूंच्या डोक्यांभोवती रंग उडालेला. कापड आणि सांगाडा पाहणारा रिगर. पंखांवरच्या झडपा उघडून काडतुसांचे पट्टे भरणारे आर्मरर: तिथे झडपांच्या कडा घासलेल्या. रेडिओवाला, बॅटरीची हातगाडी आणून इंजिन सुरू करून देणारा, शेपटीवर हात ठेवून विमान ढकलणारा. शेपटीवर हात ठेवणाऱ्याच्या खुणा कापडावर कशा उमटतील? पत्रा दिसणार नाही. हाताचं तेल आणि मळ दिसेल, एक मंद चकाकणारा काळसर डाग. तो मी खडूच्या भुकटीनं बोटानंच दिला. ब्रशनं तो जमेना.

काका पुढच्या खेपेला आले तेव्हा कागद त्यांना दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाले, "बरीच माणसं गोळा केलीस." मग एक दुरुस्ती सुचवली. "पण ही माणसं नुसती मळवत नाहीत हं. पुसतातही. विमान घाण दिसलं तर आम्हाला बोलणी बसायची. तेलाचा ओघळ पुसूनच टाकायचा असतो, नाहीतर नवीन गळती कळणार कशी?"

हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. ओघळ पुसतात तो सुंदर दिसावं म्हणून नाही. जुना पुसला असेल तरच उद्याचा नवा दिसेल म्हणून. तेव्हापासून इंजिनाखालच्या तेलाचं गणित माझ्यासाठी पालटलं. आधी चार ठळक ओघळ द्यायचे ठरवले होते. आता एक ताजा, बारीक ओघळ दिला आणि त्याच्याभोवती जुन्या ओघळांचे पुसट, फडक्यानं मागे ओढलेले पट्टे. फडक्याची दिशा ठरवायलाच एक संध्याकाळ गेली. उभा माणूस आपल्या हाताला जमेल तसं पुसतो, खाली आणि मागे.

डेकलचं काम त्यामानानं सरळ. त्याआधी चकचकीत वॉर्निशचा हात हवा, कारण खरखरीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसू लागतात. ते एकदा झालं की लपत नाही. डेकल कोमट पाण्यात भिजवायचं, सरकवून जागेवर आणायचं, मऊ करणारं द्रावण लावायचं आणि मग हात मागे घ्यायचा. हा हात मागे घेणंच अवघड. द्रावणानं डेकल सुरकुततं, वाटतं सगळं बिघडलं, बोट आपसूक पुढे जातं. पहिल्या काही मॉडेलांवर मी अशी वर्तुळं फाडलीत. अर्धा तास न बघता बसलं तर ते स्वतःच ताणलं जातं आणि पत्र्याच्या सांध्यांत, कापडाच्या उभारांवर असं बसतं की रंगवल्यासारखं वाटतं. हरिकेनच्या मागच्या धडावरचं मोठं वर्तुळ त्या उभारांवरून खालीवर होत गेलं तेव्हा मला पहिल्यांदा ते कापड आहे हे डोळ्यांनी दिसलं.

पॅनेलच्या रेषांत पातळ गडद रंग सोडतात, त्याला वॉश म्हणतात. तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करायचा, ब्रशचं टोक रेषेला टेकवायचं आणि तो आपला आपण रेषेतून धावत जातो. पाहायला फार छान वाटतं, म्हणूनच त्यात अतिरेक होतो. प्रत्येक सांधा काळ्या रेषेनं आखलेली विमानं पाहिली की मला वाईट वाटतं, कारण त्यामागे महिनोन्महिन्यांची मेहनत असते. पन्नास फुटांवर उभ्या असलेल्या विमानाचा सांधा काळा दिसत नाही. जरा गडद दिसतो, एवढंच. मी काळा कधीच घेत नाही. तपकिरी पट्ट्यावर गडद तपकिरी, हिरव्यावर त्याच हिरव्याची गडद छटा, पोटावर राखाडी. आणि कापडाच्या भागावर रेषाच नाहीत, त्यामुळे तिथे वॉशही नाही. ज्या हलत्या भागांना खरी फट आहे तिथे मात्र थोडा जास्त गडद.

धुराच्या डागाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. हरिकेनच्या मर्लिन इंजिनाच्या दोन्ही बाजूंना धूर सोडणारी तोंडं आहेत, तिथून धूर मागे, पंखाच्या मुळावरून कॉकपिटच्या खालच्या अंगाला जातो. पूर्वी मी तिथे काळा खडू फासायचे. पण इंधन जास्त आणि हवा कमी असली की काजळी धरते. मिश्रण पातळ असलं की डाग फिका, राखाडी, जवळजवळ मातकट पडतो. त्यात १९४० च्या वसंतापासून फायटर कमांडची विमानं १०० ऑक्टेन इंधनावर उडत होती, आणि त्यात शिसं असायचं. शिशाचा थर राखेसारखा. म्हणजे एकाच डागात दोन गोष्टी हव्यात. जमिनीवर इंजिन तापवताना धरलेली काजळी तोंडाजवळ, आणि वर उडताना मागे लांबवर पसरलेली राख. खडू सँडपेपरवर घासून तीन भुकट्या केल्या: काळी, तपकिरी, राखाडी. मऊ ब्रशनं, श्वास रोखून, हवा वाहते त्या दिशेनं एकाच ओढीत. दुसरी ओढ दिली की दिशा बिघडते.

या सगळ्यावर शेवटी मॅट वॉर्निशचा हात द्यायचा, आणि इथे माझ्या मनात जुनी भीती आहे. तीन वर्षांपूर्वी एका मॉडेलवर मी पावसाळी दमट हवेत मॅट वॉर्निश फवारलं. सकाळी पाहिलं तर अख्खं विमान पांढुरकं, धुक्यात बुडाल्यासारखं. पाच महिन्यांचं काम. वरून चकचकीत वॉर्निशचा एक हात दिल्यावर बरंचसं धुकं विरलं, पण पंखाखाली ते अजून आहे. तेव्हापासून आभाळ भरलेलं असलं की मी डबाच उघडत नाही. या वेळी नऊ दिवस थांबले. दहाव्या दिवशी कोरडं ऊन पडलं आणि दोन पातळ हातांत काम झालं.

मॅट झाल्यावर विमान एकदम शांत दिसू लागतं. चमक जाते, वजन येतं. मग राहतात त्या टोचणाऱ्या, मोडणाऱ्या, हरवणाऱ्या गोष्टी. डाव्या पंखाखालची हवेचा वेग मोजणारी नळी, जी मी दर वेळी मोडते आणि या वेळी इंजेक्शनच्या सुईच्या तुकड्यातून केली. पंखांच्या टोकांचे दिवे, डावा लाल आणि उजवा हिरवा. आधी चंदेरी ठिपका, त्यावर पारदर्शक रंग, म्हणजे आत काच असल्याचा भास होतो. वैमानिकाला सीटला बांधणारे चार पट्टे शिशाच्या पातळ पन्नीतून कापलेले. एक पट्टा मी सीटच्या बाहेर लोंबता ठेवला, कारण उतरलेला माणूस पट्टे घडी घालून ठेवत नाही. काच पांढऱ्या गोंदानं चिकटवली, कारण झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर धुकं धरते. चाकं खालून किंचित घासून सपाट केली. चाकं गोल राहिली की विमान जमिनीवर टेकलंय असं वाटतच नाही. अडीच-तीन टनांचा भार हवेच्या चाकांवर उभा आहे, ते दबणारच.

आणि सगळ्यात शेवटी, बंदुकांची तोंडं.

हरिकेनच्या प्रत्येक पंखात चार बंदुका. उड्डाणाआधी आर्मरर त्यांच्या तोंडांवर डोप दिलेल्या लाल कापडाची ठिगळं चिकटवत. आत धूळ आणि ओल जाऊ नये, वर थंडीत ती गोठून बंदूक अडू नये, यासाठी. पहिल्या गोळीसरशी ठिगळ फाटायचं. मग त्या उघड्या भोकांतून वारा शिरायचा आणि विमान शीळ घालत परत यायचं. खाली उभ्या असलेल्या माणसांना विमान दिसायच्या आधी कळायचं: याच्या बंदुका चालल्यात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचन तिथेच थांबवलं होतं. गवतावर उभं राहून शिळेकडे कान लावणारा माणूस डोळ्यांपुढून हलेना.

आता माझ्यापुढे निवड होती. ठिगळं अखंड ठेवली तर विमान अजून गेलेलं नाही. फाडून दाखवली तर नुकतंच परत आलंय. पंखाखाली, काडतुसांची टरफलं बाहेर पडतात त्या खाचांमागे, मी आधीच धुराचे पट्टे देऊन बसले होते, म्हणजे बंदुका चाललेल्या आहेत. मग ठिगळं फाटकीच हवीत. पण फाटक्या चिंध्या मला करवेनात. तसं तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा विमान दुखावल्यासारखं दिसलं, आणि धुराच्या तोंडांपासून तेलाच्या पुसलेल्या पट्ट्यांपर्यंत मी जमवलेली सगळी माणसं जणू निघून गेली.

उत्तर त्या माणसांकडेच होतं. त्या उन्हाळ्यात विमान उतरलं की जेमतेम काही मिनिटांत इंधन, काडतुसं, तेल, प्राणवायू सगळं भरून ते पुन्हा उभं करत. त्या घाईत धूर पुसायला कुणाला वेळ होता? पण नवं ठिगळ लावल्याशिवाय विमान सोडत नसत. म्हणजे असा एक क्षण होताच की पंखाखाली मघाच्या गोळीबाराचा काळा धूर आहे आणि पंखाच्या पुढच्या कडेला नवीकोरी, लालभडक ठिगळं आहेत. विमान जाऊन आलंय आणि पुन्हा निघायला तयार आहे. मधल्या त्या काही मिनिटांत वैमानिक कुठेतरी गवतावर पडलाय. विमानापाशी फक्त खालची माणसं आहेत.

कोऱ्या डेकलच्या कागदावर लाल रंग दिला, धारदार पात्यानं आठ चौकोन कापले, एकेक मुंगीच्या डोक्याहून थोडा मोठा. चिमट्यानं उचलून पंखाच्या कडेवरून वळवून बसवले. धुळीचे, धुराचे, तेलाचे सगळे मंद रंग आणि त्यांत ते आठ लाल ठिपके. उजवीकडचा तिसरा किंचित तिरका बसला. सरळ करायला चिमटा उचलला होता. पण मग ठेवला.

जाता जाता मागच्या धडावर, कापडावर, जवळच्याच छटेचा एक छोटा चौकोनही लावला. कापडातून गोळी आरपार जाते. रिगर भोकावर कापड चिकटवून डोपचा हात देतो आणि विमान त्याच दिवशी परत उडतं. त्याच जागी पूर्वी माझे खोटे चंदेरी ठिपके होते.

काका आले ते रविवारी सकाळी. बरोबर एक वही आणली होती, जुनी, कडक पुठ्ठ्याची. हवाई दलात प्रत्येक विमानाची नोंद फॉर्म ७०० मध्ये ठेवतात. ब्रिटिशांची पद्धत, आपल्याकडेही तीच चालत आली. विमानात काय खोट आढळली, ती कुणी काढली, त्याखाली सही. आणि उडण्याआधी वैमानिकाची सही, की हे विमान मी ताब्यात घेतलं. काकांनी वहीच्या पहिल्या पानावर पट्टीनं तीन रकाने आखले.

मग भिंग घेतलं. पायरी पाहिली, झडप पाहिली. इंधनाच्या झाकणाशी थांबले. पुसलेल्या तेलाच्या पट्ट्यांवरून भिंग सावकाश मागे नेलं आणि "हं" म्हणाले. लाल ठिगळांपाशी आले, मोजली. तिरक्या ठिगळाकडे बघून काही बोलले नाहीत. मी आतल्या आत थरथरत होते. मग त्यांनी मॉडेल खिडकीच्या उजेडात धरलं आणि वहीच्या पहिल्या रकान्यात लिहिलं: 'एरियलची तार ढिली.'

रेडिओच्या खांबापासून सुकाणूच्या माथ्यापर्यंत जाणारी ती तार मी किटच्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर तापवून, ओढून केली होती, केसाहूनही बारीक. खऱ्या तारेला एकास अठ्ठेचाळीसच्या मापात आणायचं तर ती जवळजवळ दिसेनाशी व्हायला हवी. आणि ती खरंच मधे किंचित झुकली होती. मला दिसलंच नव्हतं.

काडी पेटवली, विझवली आणि तिचं लाल टोक तारेच्या खालून, अंगठ्याएवढं अंतर ठेवून, एकाच संथ हालचालीत सरकवत नेलं. जास्त जवळ गेली तर तार तुटते. काकांनी श्वास धरला होता, मीही. तार हलली, आखडली, आणि खांबापासून सुकाणूपर्यंत एका सरळ रेषेत ताणली गेली.

"लिही," काका म्हणाले, आणि पेन माझ्यापुढे केलं.